नववीची बारा नावं

१६ जून, सोम.
शाळा उघडली. नववीत नावं सहा. शिक्षक दोनच: गणित-विज्ञानाला सोळंकी सर, बाकी सगळ्याला मी, वर प्रभारी मुख्याध्यापिकाही मीच. शिक्षण खात्याच्या ऑफिसातून फोन. महिनाअखेर बारा नावं नसली तर वर्ग उदयनगरच्या शाळेला जोडणार. इतक्या लांब, तेही जंगलातून, पोरींना कोण पाठवणार? बारा करायचीच.

२० जून, शुक्र.
पालकसभा. सतरंज्या घातल्या, पातेलंभर चहा. एकही माणूस आला नाही. सोळंकी सर शांतपणे म्हणाले, "मैडम, आज तो हाट है." सात वर्षं इथे काढून बाजाराच्या दिवशी सभा ठेवते! देवासचं शहरी डोकं, दुसरं काय. चहा दोघांनीच संपवला.

२७ जून, शुक्र.
पालक येत नाहीत ना, मग आम्हीच हाटात. टेबल, प्रवेशाचं रजिस्टर, शेजारी लाल मिरच्यांचा ढीग. मिरचीवाली आजीच गिऱ्हाइकांना आमच्याकडे ढकलत होती. शिंकून शिंकून बेजार, पण पाच नावं. अकरा झाली.

धूलसिंग भिया आले. त्यांची रेखा आठवीत पहिली. तरी सही करेनात. "बड़ी का भी नाम लिखाया था. मास्टरजी चले गए, छोरी घर बैठ गई. आप तो रुकोगे नी?"

हो म्हणाले. चटकन. सोळंकी सरांनी मान खाली घातली. देवासला बदलीचा माझा अर्ज त्यांनीच भरून दिलाय.

२९ जून, रवि. देवास.
बदलीची ऑर्डर आली! ह्यांनी पेढे आणले, सासूबाईंनी देवापुढे ठेवले. सात वर्षांनी एका घरात राहणार म्हणून. मी धूलसिंगचं सांगितलं. ह्यांनी पेढ्यांचा डबा मिटला. "कोणाला विचारून हो म्हणालीस?"
रडले. चूक माझीच. पण शब्द दिलाय.

३० जून, सोम.
पहिल्या बसने आले. रेखा फाटकाशी उभी, वडिलांबरोबर. बारावं नाव तिलाच लिहायला लावलं. ऑफिसला कळवलं.

बदली रद्द करण्याच्या अर्जावर सही केली, सरांबरोबर पाठवला. साहेब ऐकतील, न ऐकतील. ह्यांचा फोन दोनदा येऊन गेला. आधी नववीचा तास घेते, मग करीन.