भिकुबाईचं नाव

सभाघर, ता. रावेर
१० मार्च १९७५

प्रिय अभिमन,

तू परत गेलास त्याला आज अठरा दिवस झाले. चहा न घेता गेलास. तुझी बायको ताईबाई कप हातात धरून उभी होती, तू "चल, बस चुकेल" म्हणालास, आणि तिने भरलेला कप तसाच खाली ठेवला. वरणगावकडची बस पाऊण तासाने होती. मला वेळापत्रक पाठ आहे. चहावरून भांडायला मी पत्र लिहीत नाही, पण पहिल्यांदा भांडणच सुचतं, कारण दुसरं काही सुचत नाही.

इथली खबर सांगते. तुझ्या आईच्या खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. आत दोन लुगडी, एक पत्र्याची पेटी आणि तुमच्या लग्नातला फोटो आहे. शेळी शेजारच्या कमलबाईकडे दिली. ती म्हणते, आटली, दूध देत नाही. मी म्हटलं, मग तू तिला दे. मला अजून रडू आलेलं नाही. लोकांना वाटतं, नर्सला सवय असते. सवय वगैरे काही नाही. हाताला बधिर करायचं इंजेक्शन दिलं की हात आपलाच असतो आणि नसतोही, तसं आहे. सकाळी उठून दवाखान्याचं दार उघडायला जाते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, हे दार उघडल्यावर आठवतं. नवी नर्स मला बाकावर बसवते आणि विचारते, "काय होतंय, आजी?" एरवी मी तिला चांगलं सुनावलं असतं. हल्ली नुसती बसते.

आपण तिला सभेच्या दफनभूमीत पुरलं तेव्हा तू कुंपणाच्या बाहेर उभा राहिलास. मी दोनदा हाक मारली. आत आलेल्या कुणालाच बोलायला सुचलं नाही. आपल्याकडे तसंही मंत्र नाही, पाद्री नाही. कुणाला आतून वाटलं तर त्याने बोलायचं. कुणाला वाटलं नाही. मग माती टाकली आणि सगळे हातात हात देऊन निघाले. मी बाहेर आले तेव्हा तू म्हणालास, "आई शेवटपर्यंत तुमचीच राहिली, बाई." आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मी उत्तर दिलं असतं. तू बसकडे चालू लागलास.

तुला आठवत असेल, गावात आपल्या सभाघराला मुक्यांचं देऊळ म्हणायचे. रविवारी तासभर गप्प बसून आम्ही बाहेर पडलो की पारावरचा पुना विचारायचा, "आज काही बोलला का तुमचा देव, का तसाच उठला?" मी एकदा म्हटलं, "बोलला. पुनाला सांग म्हणाला, खरूज धुऊन मलम लाव." त्यानंतर महिनाभर तो गप्प होता. खरं सांगायचं तर मी सभेत आले ती या गप्प बसण्यासाठीच. कॉन्व्हेंटात माझं सगळं बालपण घंटेवर गेलं. घंटा झाली की उठा, घंटा झाली की गुडघे टेका, घंटा झाली की पश्चात्ताप करा. नर्सिंग करून या खेड्यात नेमणूक झाली, तर इथे ना घंटा, ना मूर्ती, ना कुणी उंच जागेवरून बोलणारा. दवाखाना आणि ही गप्प बसायची सभा दोन्ही काढणारं इंग्रज क्वेकर जोडपं जमिनीवर सतरंजीवर बसायचं, आणि त्यांच्या शेजारी झुलाल आबा, केळीच्या बागेतून तसेच आलेले. मला वाटलं, इथे कुणी कुणाच्या वर नाही. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, तेवढ्या अकलेची होते.

तुझी आई आली ती साक्रीकडून, तुझ्या बापाबरोबर, आबांच्या बागेत मजुरीला. तू जन्मलास तो माझ्या हातांत. तुझा बाप गेल्यावर ती दवाखान्यात कामाला लागली. बाळंतिणीला धरायचं कसं हे मी तिला शिकवलं असं सगळे म्हणतात. खोटं आहे. तिनेच मला शिकवलं. माझ्याशी ती तोंड भरून अहिराणी बोलायची, मला चिडवायचीसुद्धा. पण झुलाल आबा दिसले की पदर पुढे आणि तोंड बंद. ते जुने मालक. त्यांना पाणी हवं का, हेही ती हाताने विचारायची. सभेत आबा समोर बसायचे, म्हणून सभेत वीस वर्षांत तुझी आई एक शब्द बोलली नाही. ते इंग्रज साहेब परत जाताना म्हणाले होते, भिकुबाईची शांतता सगळ्यांत खोल आहे. मी हसले होते. त्यांना कोण सांगणार की ती मालकापुढची शांतता आहे!

तुला मी कंपाउंडरचं काम शिकवलं. माप कसं धरायचं, जखम कशी धुवायची, दारूड्याला टाका घालताना काय बोलायचं. तू चांगला होतास. माझ्यानंतर दवाखाना तू सांभाळशील, हे मी मनात पक्कं केलं होतं. तुला विचारलं मात्र नव्हतं. सत्तर साली तू येऊन म्हणालास, वरणगावच्या कारखान्यात लागलो, क्वार्टर मिळणार आहे. मी विचारलं, काय बनवतात तिथे? तू म्हणालास, "तुम्हाला माहीत आहे, बाई." मी त्या दिवशी तुला बरंच बोलले. त्यातलं अर्धं शांतीबद्दल होतं.

मग एकाहत्तरचं युद्ध झालं. प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या मैदानात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या गावकऱ्यांचा सत्कार झाला, तुला हार घातला, आणि चारच दिवसांनी, तीस जानेवारीच्या रविवारी, आबांनी सभेत विषय काढला. आपले लोक शस्त्र धरत नाहीत, बनवत नाहीत. मग अभिमनचं नाव सभासदांच्या वहीत कसं? आबांची केळी वॅगन भरभरून जातात, त्यातली कुठल्या छावणीत उतरतात हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. आपल्यात मतं मोजत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. लेखनिकाने सगळ्यांचं ऐकायचं, मनात काय ठरतंय ते ओळखायचं, तिथेच ठराव लिहायचा, वाचून दाखवायचा आणि थांबायचं. एक जण जरी नको म्हणाला तरी ठराव होत नाही. लेखनिक मी होते. मी लिहिलं, वाचलं आणि थांबले. तुझी आई दाराजवळ बसली होती. तिने मान वर केली. आबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ओठ उघडले होते. मला तिची प्रत्येक नजर कळायची, अभिमन. बाळंतपणात आम्ही दोघी नजरेनेच बोलायचो. आणखी पाच मिनिटं थांबले असते तर कदाचित ती बोलली असती. किंवा मीच म्हणू शकले असते, भिकुबाईला काही सांगायचं आहे. मी वही मिटली. मिटण्याआधी ठरावाखाली लिहिलं: सर्वांच्या एकमताने. त्याची नक्कल तुला पाठवली तीही माझ्याच अक्षरात. ती वाचून तू समजलास की आईनेही हो म्हटलं. दुसरं काय समजणार होतास?

मला तेव्हा शांतीची चाड होती असं मी स्वतःला सांगत होते. तू माझा दवाखाना सोडून गेलास याचा तो राग होता. तेवढंच होतं ते.

त्यानंतर तू गावात आला नाहीस. पुढे दुष्काळ पडला. त्या दिवसांबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल. रस्त्याच्या कामावर खडी फोडून बायका यायच्या, तळहात सोललेले. सभाघराच्या अंगणात आम्ही चूल मांडली होती. सरकारी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांना सुकडीचा कोरडा खाऊ. तुझी आई पहाटेपासून चुलीपाशी असायची आणि दुपारी त्या बायकांचे हात धुवायची. रावेरचे केवलचंद शेठ धान्याची पोती गाडीतून स्वतः घेऊन यायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "भिकुबाईचा मुलगा दिसत नाय?" मी कारण सांगितलं, तेही जरा अभिमानाने. शेठ म्हणाले, "अहिंसा तर आमच्या जैनांत पण हाय, बाई. आम्ही रात्री दिवा लावताना पण किड्याचा विचार करतो. पण पोराला घराभायेर नाय काढत." मी म्हटलं, "शेठ, पोती मोजून घेतली, निघा आता." ते हसले आणि निघाले. तुझी आई पाठमोरी भाकरी थापत होती. तिने ऐकलं.

त्या काळात तुझी आई रविवारी सभाघरात बसत नसे. बाहेर ओट्यावर बसायची, उन्हात, भिंतीला पाठ लावून. तास संपला की उठून चुलीकडे जायची. सगळ्यांना वाटलं, गुडघे दुखतात, उठबस होत नाही. सुनंदाबाईंना विचारा, म्हणायचे. मी म्हणायचे, हो, गुडघे. तीन वर्षं ती अशी बाहेर बसली.

गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. झाडू हातात घेतला नाही. म्हणाली, "बाई, मना पोऱ्यानं नाव काढं ना? मंग मनं बी काढी टाका." मी समजावलं. चिडले. म्हटलं, असं रागाने काही करायचं नसतं. ती म्हणाली, तिला राग आलेला नाही. जिथे तो नाही तिथे ती नाही, एवढंच. माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. तिचं नाव काढायचं म्हणजे विषय सभेत न्यायचा, आणि नेला की माझं 'एकमत' खोटं ठरलं असतं. शिवाय ती बिथरून गेली असती तर तिच्याशिवाय मला दवाखाना चालवता आला नसता. तिला वाचता येत नव्हतं. मी कपाटातून वही काढली, तिच्यासमोर उघडली, पेन फिरवलं. रेघ ओढली ती वहीत ठेवलेल्या दुसऱ्याच कागदावर. म्हटलं, काढलं. तिने मान हलवली आणि झाडू घेतला. पुढच्या रविवारपासून ती ओट्यावर बसू लागली, कारण तिच्या लेखी ती आता सभासद नव्हती आणि आत बसणं म्हणजे लबाडी. लबाडी तिला जमत नव्हती. ती मला जमत होती.

काल रविवारी मी हे सगळं सभेत उभी राहून सांगितलं. शेवटी आबा म्हणाले, "मंग आता काय तिले उकरून काढा लागीन का?" तीन-चार जण हसले. मला वाटतं, घाबरून हसले असावेत. मी म्हटलं, नाही आबा, तिला राहू द्या, नाव तेवढं काढा. आणि तीस जानेवारीचा ठराव झालाच नव्हता, असं लिहा. मग सगळे गप्प. अर्धा तास. ती शांतता मी वहीत लिहिली नाही. म्हटलं, मला आता शांतता वाचता येत नाही, ज्याला हो म्हणायचं त्याने तोंडाने म्हणा. एकेकाने म्हटलं. आबांनी सगळ्यांत शेवटी, जमिनीकडे बघत. मग मी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली, भिकुबाईच्या नावावर रेघ ओढली आणि लेखनिकाचं काम सोडलं. तुझं नाव परत लिहू का, हे मी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क मला नाही, आणि तू हो म्हणावंस अशी माझी अपेक्षाही नाही.

तेव्हा तू कुंपणापाशी म्हणालास ते खरं नाही. ती आमची नव्हती. पण हे एवढंच असतं तर मी गाडी धरून वरणगावला येऊन तुझ्या दारात सांगितलं असतं, आणि तू दार लावलं असतंस तर बाहेरून ओरडून सांगितलं असतं. लिहायलाच हवं, याचं कारण वेगळं आहे. त्या सकाळी झाडू घेण्याआधी तिने आणखी एक मागितलं होतं. "त्याले लिखी धाडा, मी बी नाव काढं म्हनीसन." म्हणजे तुला कळावं. मी हो म्हटलं. आठ दिवसांनी तिने विचारलं, लिहिलं का? मी म्हटलं, लिहिलं. पोस्टात टाकलं? टाकलं. मग तिने पुन्हा कधी विचारलं नाही. ती समजली की तुला सगळं कळलं आहे, आणि कळूनही तू येत नाहीस. तीन वर्षं ती हे समजून जगली, आणि एकदाही तुला नावं ठेवली नाहीत. शेवटच्या दिवशी तापात होती तेव्हाही मी तिला सांगू शकले असते. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले. अभिमन, तिने मला तुला लिहायला सांगितलेलं पत्र ते हे आहे.

तुझीच म्हणण्यासारखं मी काही राखलेलं नाही, तरी,
सुनंदाबाई