टेकडीची सोयरीक

अकोट तालुका,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय खुशालराव यांस,

देवमनचा कडक जयभीम, आणि तुमच्याकडून निघालेला रामराम इथं पोचला असं समजावं. (बालमित्राला 'राव' लावला म्हणजे काही काम असणार, असा संशय घेऊ नये.) पुण्यात तुझा गुडघा आणि दामिनीवहिनींचा स्वभाव, दोन्ही बरे असावेत. इकडे तुझी ललितावहिनी मला दिवसातून चारदा गप्प बसवते, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे.

आपल्या शिवेजवळची टेकडी तुला ठाऊक आहे. अलीकडे अकोला जिल्हा, पलीकडे अमरावती आणि वर दोन्ही गावांची गुरं. चरून चरून ती टकली झाली, उरली ती गुरंही तोंड लावत नाहीत अशी घाणेरीची झुडपं. उन्हाळ्यात दोन्ही गावं गुरांना घालायला कुटार विकत घेतात. यंदा एका संस्थेच्या नीलमताई आल्या. म्हणाल्या, घाणेरी उपटा, इथलंच पवन्या आणि मारवेल गवत पेरा, पण दोन्ही गावांनी भागीदारीत. एकानं राखलं आणि दुसऱ्यानं चारलं तर सगळं वाया. आता भागीदारी म्हटली की आपल्याकडे तिचा शेवट कोर्टात. म्हणून मी भर सभेत उभा राहून सांगितलं, सोयरीक करा, सोयरीक कोणी सहजासहजी मोडत नाही. (टाळ्या पडल्या. नीलमताईंनीही वाजवल्या; त्यांना पुढचं माहीत नव्हतं.)

बैठक बसली आणि बसताक्षणीच दिसलं, की दोन्ही गावं फेटे बांधून आली आहेत. दोघेही वरपक्ष! मुलीकडचं कोणीच नाही. आपले माजी सरपंच उत्तमराव म्हणाले, "बी आमी गोळा केलं, पोरगा आमचा." पलीकडच्या सरपंच वर्षालीताई कसल्या ऐकतात! "मंग आमी काहून वाकावं? टेकडी आमच्याकडून उंच दिसते." चहा मुलीकडचे देतात, म्हणून चहाही कोणी देईना. नीलमताई नकाशा उघडून उभ्या आणि दोन गावं कोरड्या घशानं मानपान मोजत बसलेली. अशा तीन बैठकी झाल्या. मृग तोंडावर आला, बी पोत्यातच. पेरणी हुकली तर वर्ष गेलं, आणि एकदा फिसकटलं की ही माणसं पुन्हा एकत्र बसायची नाहीत. मला अन्न गोड लागेना, कारण कल्पना माझी होती.

शेवटी तोड मीच काढली. मांडव ना त्यांच्या दारी ना आपल्या, दोघांच्या मधल्या जागेत! मग काय, दोन्ही गावं डफडं वाजवत आली, मातीत कालवलेलं बी घमेल्यांतून. मंगलाष्टकं म्हणायची की त्रिशरण, यावर पुन्हा पेटणार होतं, पण दोन्ही म्हटली. गवताची काही हरकत नव्हती. आज तिथं पवन्या गुडघ्याच्या वर गेला आहे. तितरं आली आहेत. दोन्हीकडचे गुराखी पाळीपाळीनं राखण करतात, वर एकमेकांना तंबाखू देतात. सेमाडोहकडची माणसं बी मागून गेली. खुशाल, मला बढती मिळाली तेव्हाही मी एवढा फुगलो नव्हतो. फार अभिमान वाटतो रे आपल्या माणसांचा, आणि थोडा माझाही.

वहिनींना जयभीम सांग.

तुझाच,
देवमन

ता. क. दोघांच्या मधली जागा म्हणजे टेकडीच्या पायथ्याचं तुझं अडीच एकर पडीक वावर. अर्धं त्यांच्या शिवारात, अर्धं आपल्या. दुसरी जागा कोणाला पटेना. तुला विचारायचं राहून गेलं. टेकडी अजून टकलीच आहे. पुढच्या मृगात तिच्यावर टाकायचं सगळं बी तुझ्या वावरात पिकून राहिलं आहे.

आणखी ता. क. तू पाठवलेला प्लॉटवाला परवा ते वावर बघायला आला होता. दोन्ही गावांनी मिळून त्याला फेटा बांधला आणि वाजतगाजत अकोटच्या एसटीत बसवून दिला. गाडी हलेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. विकू नको रे खुशाल. टेकडी हिरवी होईपर्यंत तरी थांब.

शेवटचा ता. क. मुलीचा बाप काही सापडत नव्हता, तोही प्रश्न सुटला. दोन्ही गावांनी एकमतानं तुझं नाव घेतलं आहे. दिवाळीत ये. जेवणावळ मुलीच्या बापाकडे असते. चारशे पानं धर.