ओवशाचे रुमाल

मालवण, १६ जून

शिमग्यापासून विणतेय. नव्या सुनेचा, नेहाचा, चतुर्थीतला पहिला ओवसा, म्हणजे गौरीला सुपं वाहायची. गौरीपुढे ठेवायच्या सुपांवर घालायला क्रोशाचे रुमाल, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलेल्या नक्षीचे. शेवटचा तेवढा उरलाय. आणि आज शेजारची सुलभा ते चाचपत म्हणते, "गो बाय, यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येणा नाय. नव्या सुनांचो ओवसो खंयचो? तू पंचांग बघूक नाय?"

नाही बघितलं. जन्मभर वर्गात 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडले, आणि मी? पण सुलभेला एवढा आनंद कसला झाला! रुमाल काय नासणार आहेत? पुढच्या वर्षी घालू. रुमालांची काळजी नाहीच.

लग्न झाल्यापासून नेहा एकदाही इथे राहिलेली नाही. "ओवशासाठीच रजा टाकलीय, आई," परवा पुण्याहून म्हणाली. ओवशासाठीच. आता रजा रद्द करेल? तिच्यापासून लपवावं? छे, सुलभा गावभर करेल. संध्याकाळपासून दोनदा फोन हातात घेतला नि ठेवला. अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणाऱ्या मला एवढंसं वाक्य जमेना: ओवसा नाही, तरी ये.