समोरच्या बाईंपासून माझं संरक्षण

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोज नोंद ठेवायची. समोरच्या ब्लॉकमधल्या नर्सबाई मला छळतात. छळ होणाऱ्याला कोर्ट संरक्षण आदेश देतं, असं वाचलं. मग छळणाऱ्याने जवळ यायचं नाही, बोलायचं नाही. बत्तीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळलेल्या माणसाशी गाठ आहे म्हणावं.
आजचा छळ: मी दार उघडलं, त्यांनी बंद केलं.

५ मार्च
त्यांचं चपलांचं स्टँड दोन्ही दारांमधल्या मध्यरेषेच्या दोन बोटं अलीकडे. टेपने तीनदा मोजलं. पत्र क्र. १ दिलं, पोच घेतली, कार्बन कॉपी फाइलला.

६ मार्च
स्टँड आत घेतलं. न कळवता! पत्र क्र. २: पूर्वसूचनेशिवाय स्टँड हलवण्याचे कारण कळवावे.

११ मार्च, दुपारी २
पत्र ३ ते ८, एकालाही उत्तर नाही. मानसिक छळ तो हाच. बेल वाजवली. बायको म्हणाली, बाई रात्रपाळी करून आल्यात, झोपू दे. अकराव्या बेलला दार उघडलं. म्हणजे घरातच होत्या! पुरावा.

१९ मार्च
संकल्प: शांत राहायचं. चिडायचं नाही.

१९ मार्च, पंधरा मिनिटांनी
चिडलो. बायको त्यांच्याकडे चहाला गेली होती. शत्रूच्या गोटात! म्हणाली, बाई रडत होत्या. त्यांना विचार म्हटलं, पत्र क्र. १४ च्या उत्तराचं काय झालं. बायकोने हात जोडले. मला नाही वाटत नमस्कार होता.

२७ मार्च
बाईंनी बस बदलली. नेहमीची ८.२० ची सोडून पुढच्या स्टॉपवरून ८.०५ ची धरतात. नोंद ठेवायची म्हणजे मलाही रोज तिथवर चालत जावं लागतं. गुडघे सुजले. हा शारीरिक छळ. अर्जात वेगळं कलम.

२ एप्रिल
त्यांच्या हॉस्पिटलच्या गेटवर ड्यूटीचा तक्ता मागितला. वॉचमनने हाकललं. स्वतः आत बसून बाहेर माझा अपमान घडवून आणतात. बाई साध्या नाहीत.

९ एप्रिल
वकीलबाईंना फाइल दाखवली. त्यांनी चष्मा काढून दोनदा विचारलं की, अर्जदार नक्की मीच ना. मग घरी जा, पत्रं थांबवा, जमलं तर माफी मागा म्हणाल्या. अनुभव कमी दिसतो. केस मीच चालवणार.
बायको म्हणाली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तो नियम साधारण शहाण्यांना.

१५ एप्रिल
अर्ज दाखल. खिडकीवर माझ्यापुढे कोण? नर्सबाई! माझ्याविरुद्ध अर्ज! चोराच्या उलट्या बोंबा. त्यांचा अर्ज चार पानी, माझी फाइल दोनशे बारा पानी. कीव आली.

२२ एप्रिल
बायकोकडून कळलं, आदेश मिळाला नाही तर बाई ब्लॉक सोडणार. नऊ वर्षं राहतायत, कुठे जाणार म्हणून बायको हळहळली. मलाही काळजी वाटली. त्या गेल्या तर केस कोणावर चालवायची?

६ मे
सुनावणी. दोन्ही अर्ज एकत्र. नर्सबाईंनी सांगितलं, माझी पत्रं त्यांनी भीतीने फाडून टाकली, पुरावा म्हणून तीनच उरलीत. मला हसू आलं. उठून म्हटलं की सगळी त्रेसष्ट माझ्याकडे आहेत, पोचेसह. शिवाय बेलची नोंदवही, बसच्या वेळा, अनुक्रमणिका.
न्यायाधीशबाईंनी फाइल चाळीस मिनिटं वाचली. बत्तीस वर्षांत एकाही साहेबाने माझी फाइल शेवटपर्यंत वाचली नव्हती. डोळे भरून आले.
त्यांनी विचारलं, बेल खरंच अकरा वेळा वाजवली का. मी दुरुस्ती सुचवली: अकरा फक्त त्या दुपारी, एकूण एकशे सेहेचाळीस. त्यांनी लिहून घेतलं. नर्सबाई उठून माझ्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसल्या. पंखा फार जोरात होता.

१३ मे
आदेश निघाला! मसुदा सुरेख. फक्त अर्जदाराच्या जागी नर्सबाई आणि गैरअर्जदाराच्या जागी मी. टायपिंगची चूक म्हणून कोर्टातल्या क्लार्कला दाखवली. तो म्हणाला, चूक नाही. माझा अर्ज फेटाळला. कारणात लिहिलंय: गैरअर्जदाराने स्वतः दाखल केलेली फाइल पुरेशी आहे. अनुक्रमणिकेमुळे काम सोपं झालं, असंही क्लार्क म्हणाला. तेवढं तरी.
मी त्यांच्याशी बोलायचं नाही, पत्र नाही, बेल नाही, पाठलाग नाही. त्यांच्या येण्याजाण्याची नोंदही नाही.
अपील करणार. उद्याच.

१४ मे
गुडघे दुखतात. अपील परवा.

२० मे
बाहेर दोन्ही दारांच्या मध्ये बायको आणि त्या बोलत होत्या. मी आतल्या खोलीत. त्या मोठ्याने हसल्या. नऊ वर्षं समोर राहतो. त्यांना हसताना आज पहिल्यांदा ऐकलं. इतकं मोकळं हसतात हे माहीतच नव्हतं. वाईट वाटलं. कशाचं ते नीट कळलं नाही.
बायको आत आल्यावर विचारलं, काय विनोद झाला. म्हणाली, काही नाही, बाई ब्लॉक सोडत नाहीयेत.