साठ वॅटची गुणगुण

२ ऑक्टोबर २००६, सोमवार

दसरा. दारात सोनं यायचं, त्याऐवजी वर्षाचं विजेचं बिल आलं.

इथे दर महिन्याला अंदाजाने भरायचं, वर्षाअखेर ते मीटर बघून फरक सांगतात. हे विनयने मला असं समजावलं, जसं काही मी आकडे पहिल्यांदाच बघतेय. फरक दोनशे चौदा युरो, आणि तो आपण द्यायचा.

जेवताना म्हणाला, "विशाखा, तू फिजिक्सची ना? मग शोध की, कुठे जाते एवढी वीज." सहज म्हणाला, पुढे ताकाची वाटी मागितली. मला मात्र आतून काहीतरी झालं. सव्वा वर्ष झालं पुण्याहून हॉलंडात, ह्या नीउ-व्हेनेप गावी येऊन. ह्या घरात मला फिजिक्सचं कोणी काही विचारलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

वहीत चार रकाने आखले. वस्तू, वॅट, रोजचे तास, युनिट. लेकीला, प्रांजलीला, शाळेत सोडून आले आणि घरभर उपडी-उताणी होऊन लेबलं वाचली. मायक्रोवेव्हच्या पाठीमागे तर आरसा धरून.

इस्त्री दोन हजार. टीव्ही नव्वद. ओव्हनमधला दिवा पंचवीस — तो इडलीच्या पिठासाठी रात्रभर लावून ठेवते, नाहीतर ह्या थंडीत पीठ आंबायचं नावच घेत नाही. पंचवीस वॅट गुणिले बारा तास. म्हणजे एका इडलीपात्रामागे पाव युनिटाहून जरा जास्त. हे लिहिताना इतकं बरं वाटलं की तीन वेळा लिहिलं.

सॉकेटला बटणं नाहीत इथे. पुण्यात घरातून निघताना खटाखट सगळी बटणं बंद करायची सवय. इथे प्लगच उपटावा लागतो. दिवसभर उपटत हिंडले.

बेरीज केली. माझी बेरीज आणि बिलाची बेरीज ह्यांच्यात पाचशेच्या वर युनिटं बेपत्ता.

५ ऑक्टोबर

मीटरच्या कपाटात जाऊन बसले. खरंच आत बसले, प्रांजलीचं लाकडी स्टूल घेऊन, दार लोटून. काचेमागे ॲल्युमिनियमची चकती आडवी फिरते. कडेला एक लाल खूण. खूण समोरून जाते, मागे जाते, परत येते. सहाशे फेऱ्या झाल्या की एक युनिट. खाली बारीक अक्षरात लिहिलंय.

किती वेळ बसले कळलं नाही. वरून विमानं जात होती, स्किपोल जवळच. फ्रिज चालू झाला की चकती लगबग करते, बंद झाला की आळसावते. घराची नाडी बघतेय असं वाटत होतं. अकरा वाजता चहा करायचा होता तो राहिलाच. पाऊण वाजला तेव्हा भूक लागली म्हणून बाहेर आले.

६ ऑक्टोबर

आज सगळं उपटलं. फ्रिज, फोन, घड्याळाचा रेडिओ, हीटिंगचा बॉयलरसुद्धा — त्याला हात लावायचा नाही अशी विनयची ताकीद आहे, पण पाच मिनिटांसाठी. आणि कपाटात जाऊन बघते तर चकती फिरतेच आहे! सावकाश, पण फिरतेय. हातातलं घड्याळ लावून मोजलं. एका फेरीला शंभर सेकंद. म्हणजे साठ वॅट. न थांबता, चोवीस तास. वर्षाचे पाचशे पंचवीस युनिट. माझे हरवलेले हेच.

मग शोधाशोध. माळ्यावर, बॉयलरच्या मागे, सुटकेसांच्या आड एक करडी पेटी सापडली. वर जाड चंदेरी नळ्या. आतून गुणगुण. हात ठेवला तर कोमट. लेबलावर सगळं डच. मी फक्त W च्या आधीचा आकडा वाचला. साठ.

मागच्या भाडेकरूचं काहीतरी असणार. प्लग काढला.

खाली धावत आले. चकती थांबली होती. लाल खूण बरोबर मधोमध. आणि घर इतकं गप्प झालं की कळलं, एवढे दिवस ते गुणगुणत होतं.

बाकी सगळं परत लावलं. ती पेटी सोडून.

७ ऑक्टोबर

विनयला आकडे दाखवले. "वर्षाला शंभर युरो? नुसती एक पिन काढून?" म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हाला पगारावर ठेवायला हवं." पेटी कसली हे त्यानेही विचारलं नाही. मला दिवसभर तो पगार शब्द आठवत राहिला.

१२ ऑक्टोबर

सकाळी सगळ्या काचांवर धुकं. बाहेरचं नव्हे, आतलं. बोटाने त्यावर वॅट गुणिले तास लिहिलं. बागेकडची हिरवळ आकड्यांतून दिसत होती. ओघळ येऊन आकडे पुसले जाईपर्यंत उभी होते.

१६ ऑक्टोबर

मंजूषाची मेल. पुण्याच्या कॉलेजात मी आणि ती एकाच लॅबमध्ये शिकवायचो. जानेवारीपासून डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी होतेय. "सरांनी तुझंच नाव घेतलं होतं, पण तू तिकडे."

उत्तर दिलं नाही. उत्तर काय देणार? विनयचं अजून तीन वर्षांचं ठरलंय. त्याला इथलं सगळं मानवलंय. सायकल, स्टेशन, पावणेसहाला घरी. रविवारी कालव्याच्या कडेने भटकून येतो आणि गाल लाल करून सांगतो, बगळा दिसला. त्याचा आनंद खोटा नाही. म्हणून तर मला काही बोलता येत नाही.

पण लॅबमधल्या त्या लांब टेबलावर पितळी तराजू कसा झाकून ठेवायचे, ते दिवसभर डोळ्यांसमोर होतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. चकल्या, शंकरपाळे, चिवडा. दोन दिवस तळण. एरवी तळणाचा वास तासाभरात जातो ह्या घरातून, यंदा मुक्कामाला राहिलाय. पडद्यांत, उशीत, प्रांजलीच्या केसांत. डोळे मिटले की पुणं. मुद्दाम खिडकी उघडली नाही.

२ नोव्हेंबर

प्रांजलीला खोकला.

११ नोव्हेंबर

आज सिंट मार्टेन. संध्याकाळी मुलं कागदाचे कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात, खाऊ मिळतो. प्रांजलीने शाळेत कंदील केला होता, आत चिमुकला दिवा — वॅट मोजण्यासारखा नाही. दोन घरं झाली आणि तिसऱ्या दारात खोकल्याने तिला गाणंच म्हणता येईना. शेजारच्या रियाबाईंनी तिच्या मुठीत दोन गोळ्या जास्त कोंबल्या. घरी आल्यावर कंदील पलंगाच्या कठड्याला बांधून दिला. त्या उजेडात तिच्या खोलीच्या भिंतीवर ओल चमकत होती. छान दिसत होती, हेही लिहून ठेवते.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. इथले डॉक्टर पॅरासिटामॉल देतात, हा इकडच्या मराठी मंडळींचा ठरलेला विनोद. आज माझ्यावरच आला. "व्हायरस असेल. पाणी पाजा. दोन आठवड्यांनी बघू." पोरगी रात्री उठून बसते आणि कुत्र्यासारखी खोकते, ह्यावर पाणी!

२० नोव्हेंबर

पुण्याहून सासूबाईंचा फोन. मागून प्रांजली खोकत होती, ते त्यांना ऐकू गेलं. "तिला ती हवा मानवत नाही, विशाखा. मी स्पष्टच बोलते. पोरीच्या छातीशी खेळ नको." मग विनयशी बोलल्या. तो नुसता "हो आई, हो आई" करत होता.

फोन ठेवून तो खिडकीशी गेला. काचेवरचं पाणी हाताने पुसलं आणि बाहेर बघत म्हणाला, "परत जाऊ या का आपण?"

आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. मी तर मागितलाही नव्हता.

मी म्हटलं, "बघू. तिच्यासाठी जायला लागलं तर जाऊ." आवाज अगदी साधा ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि आरशात बघितलं. मी हसत होते. आरसाही धुरकट होता, बरं झालं.

२८ नोव्हेंबर

विनयच्या मॅनेजरने मान्य केलं. पुण्याच्या ऑफिसात जागा देतील, हुद्दा एक पायरी खाली. तिकिटं वीस डिसेंबरची. सायकल विकायची जाहिरात त्याने सुपरमार्केटच्या फळ्यावर लावली. स्वतः लिहिली, डचमध्ये. घरी येऊन म्हणाला, "व्याकरण बरोबर आहे की नाही कोण जाणे."

मंजूषाला उत्तर पाठवलं. येतेय.

दिवसभर तरंगत होते. वहीत पुण्याच्या घरातल्या वस्तूंचेही वॅट मांडले. पंखा पंचाहत्तर.

५ डिसेंबर

रियाबाई आल्या. आज इथे मुलांना भेटी द्यायचा सण. प्रांजलीसाठी चॉकलेटचं मोठं P हे अक्षर आणलं होतं. कॉफी घेताना त्यांचं लक्ष काचांकडे, मग पडद्यांकडे, मग वर छताकडे. स्वयंपाकघराच्या छतात एक पांढरं गोल आहे, मधे फट असलेलं. मला ते नेहमी दिवा न बसवलेलं दिव्याचं घर वाटायचं. असली चार आहेत घरात.

त्यांनी पर्समधून टिश्यू पेपर काढला, त्याचा एक पदर सुटा केला, खुर्चीवर चढल्या — सत्तरीच्या आहेत — आणि तो त्या गोलाला लावून हात काढला. कागद तरंगत खाली आला, माझ्या कपात पडला.

"चिकटायला हवा होता," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हवा ओढली जात नाही. वरचा पंखा बिघडलाय तुमचा. घरमालकाला फोन कर. अशा घरात मुलं खोकतात."

मी म्हटलं, हो, करते.

६ डिसेंबर

प्रांजलीचा पलंग भिंतीपासून ओढला. मागे काळे ठिपके, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. वास मातीसारखा.

आमच्याकडे पंखा म्हणजे पाती दिसतात. हा पेटीत कोंडलेला, माळ्यावरून चार खोल्यांची दमट हवा ओढणारा. लेबलावर लिहिलंही असणार. वर्गात मी ओरडायचे, उदाहरण आधी वाचा, आकडे मग उचला. आकडा तेवढा उचलला मी.

हे कळल्यावर मी काय केलं? माळ्यावर गेले. पेटीसमोर बसले. प्लग हातात घेतला. सॉकेट वीतभर लांब. आणि वाटलं, हे लावलं की खोकला थांबणार. खोकला थांबला की तिकिटं कशाला?

प्लग खाली ठेवून उतरले.

७ डिसेंबर

आजही लावला नाही. खिडक्या उघडून ठेवल्या तिच्या खोलीच्या, स्वतःची समजूत म्हणून. विनयने विचारलं, एवढा गारठा का? मी ताकास तूर लागू दिली नाही.

ती खोकत खोकतच शाळेत गेली.

हे लिहून ठेवतेय, कारण दुसऱ्या कोणाजवळ बोलणार नाही. दोन दिवस. आई आहे मी तिची.

८ डिसेंबर

दुपारी शाळेतून आल्यावर प्रांजली म्हणाली, "Mama, ik ben moe." दमलेय. एवढंच. जिना चढता चढता मधल्या पायरीवर बसली आणि डोकं भिंतीला टेकलं.

तिच्या अंगावरून उडी मारून गेले वर. प्लग लावला.

गुणगुण सुरू झाली. खाली येऊन टिश्यूचा पदर सुटा केला, प्रांजलीला कडेवर घेतलं, तिच्याच हाताने त्या गोलाला लावला. कागद चिकटून राहिला. तिने टाळ्या वाजवल्या. तिला जादू वाटली. मी रडले, तेही तिला जादूचाच भाग वाटलं असावं.

मग व्हिनेगर आणि घासणी घेऊन भिंत घासली, अंधार पडेपर्यंत.

११ डिसेंबर

काचा कोरड्या. बागेतलं गवताचं प्रत्येक पातं दिसतं. घराला कसलाच वास नाही.

१४ डिसेंबर

सहा रात्री झाल्या, खोकला दोन-चार ठसक्यांवर आलाय. काल तर पूर्ण रात्र झोपली. सासूबाई म्हणतात ज्येष्ठमध लागू पडलं. विनय म्हणतो, डॉक्टर म्हणाले ते खरं, व्हायरसच होता. सगळे खुश. मी गप्प राहिले तर कोणाला काही कळणार नाही. तिकिटं झालीत, सायकल घ्यायला उद्या गिऱ्हाईक येतंय. विनय आज अंगणात बसून तिची चेन पुसत होता. विकायच्या सायकलला कोणी इतकं तेल घालतं का?

दुपारी मीटरच्या कपाटात बसले पुन्हा. लाल खूण आली, गेली, आली.

१५ डिसेंबर

गिऱ्हाईक यायच्या आधी विनयला सांगितलं. पेटी, प्लग, काळी भिंत. ते दोन दिवसही सांगितले. त्याने सायकलची चावी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे आता जायचं कारण उरलं नाही."

मी म्हटलं, "तिला नाही उरलं. मला जायचंय. मला पहिल्यापासूनच जायचं होतं."