उस्तादांच्या टेबलाला करवत

अब्बा,

माझ्या उजव्या मनगटातली नस दबली आहे. अकोल्याला केलेल्या तपासणीचा कागद आज सकाळी खामगावच्या डॉक्टरांनी वाचला आणि तसं स्पष्ट सांगितलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पहाटे बधिर होतात, चहाचा कप हातातून निसटतो, हे मी त्यांना दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. आता सहा आठवडे मनगटाला पट्टा बांधायचा, बसायची पद्धत बदलायची, आणि फरक पडला नाही तर लहानसं ऑपरेशन. त्यानंतरही बोटांतली ताकद पूर्ण परत येईल का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, बघू. मी इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारत आलो आहे, त्यामुळे ‘बघू’ म्हणजे काय ते मला कळतं. लिहिण्याशिवाय दुसरं कुठलंच काम मी शिकलो नाही. तुम्ही शिकवायला तयार होतात, मीच कात्री धरली नाही.

डॉक्टरांनी मला मागच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, संग्रामपूरकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. घरी काम करताना कसे बसता ते करून दाखवा, म्हणाल्या. मी खुर्चीवर बसलो, टेबल किती उंच आहे ते हाताने दाखवलं, आणि कोपर खाली, मनगट टेबलाच्या काठावर मागे मुडपलेलं, खांदे कानाशी आलेले, असा बसून हवेत टाइप करायला लागलो. त्या हसल्या नाहीत. एवढं उंच टेबल कशाचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शिंप्याचं आहे, कापड बेतायचं. माझे वडील त्याच्यापाशी उभे राहायचे. खामगावचं ऑफिस बंद झाल्यापासून मी वडनेरलाच असतो आणि त्याच टेबलावरून बातम्या पाठवतो, हेही सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून टेप काढली. पिवळी, कापडी, तुमच्या गळ्यात असायची तशीच. मला चपला काढायला लावल्या, पाय जमिनीवर सपाट ठेवायला लावले आणि कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. सव्वीस इंच. मग म्हणाल्या, “काका, हाताच्या आधी टेबलाचा इलाज करा. ते तसंच राह्यलं तर माह्या पट्ट्यानं काही होत नाही.”

मी त्यांना एवढंच म्हणालो की ते टेबल कापता येत नाही. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना ती वेडेपणाची गोष्ट वाटली असती.

ते टेबल तुमचंही नव्हतं. तुमच्या उस्तादांचं होतं. तुम्ही तेराव्या वर्षी त्यांच्याकडे काजं करायला बसलात आणि ते गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी टेबल, मोठी कात्री आणि लाकडी पट्टी तुमच्या स्वाधीन केली. उस्ताद सहा फुटांचे होते असं तुम्ही सांगायचात. टेबल त्यांच्या कमरेला होतं ते तुमच्या जवळजवळ छातीला आलं. मी लहानपणापासून तुम्हाला त्या टेबलापाशी उभं पाहिलं आहे. डाव्या हाताने कापड दाबून धरलेलं, उजवा खांदा कानापर्यंत वर चढलेला, कोपर पंखासारखं बाहेर, आणि त्या चढलेल्या हाताने तुम्ही शाळेच्या गणवेशाचे आठ-आठ थर एकदम कापताय. जूनमध्ये तर ऊन चढण्याआधी सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत चालायचं. काही दिवस तुम्ही पायाखाली फळी घेतली होती, पण कापडाच्या लांबीबरोबर सरकावं लागतं आणि दर वेळी फळीवरून खाली पाय पडायचा. एकदा खडूची रेघ वाकडी गेली, त्या दिवसापासून फळी बंद.

समोरच्या सुतारकाकांना ते बघवायचं नाही. चहा प्यायला आले की ते टेबलाच्या पायाकडे बघायचे आणि म्हणायचे की मास्टर, चार बोटं कापून देतो, पैसे नको, फक्त गिऱ्हाईक नसेल तेव्हा बोलवा. तुम्ही दर वेळी हसून विषय बदलायचात. एकदा मात्र त्यांनी खरंच करवत आणली. मी तेव्हा नववी-दहावीत असेन, मशीनपाशी बसून अभ्यास करत होतो. तुम्ही कात्री खाली ठेवली आणि म्हणालात, “काऊन बे, माह्या उस्तादचे पाय कापतं काय?” सुतारकाकांनी करवत पाठीमागे लपवली. दोघं खूप हसलात. मग सुतारकाका जाताना म्हणाले की उस्तादचे पाय राहतील शाबूत, तुह्या खांद्याचं काय ते पाह्य. तुम्ही ऐकलं नाहीत असं दाखवलंत.

तुम्हा शिंप्यांपैकी कुणीच ऐकणारं नव्हतं. शिवणकाम शिकलेल्या माणसाच्या अंगात हे असतंच की उस्तादांच्या वस्तूला हत्यार लावायचं नाही. कात्रीला धार लावायची, टेबलाला तेल पाजायचं, पण त्यांचा आकार बदलायचा नाही. गावातल्या प्रत्येक माणसाचं माप तुम्हाला पाठ होतं. कुणाचा एक खांदा उतरलेला आहे, कुणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे, हे तुम्ही न बोलता कापडात सांभाळून घ्यायचात. माणसाला कपड्यासाठी वाकायला लावू नये, कपड्यानं माणसाप्रमाणे वळावं, असं तुम्ही शिकाऊ पोरांना सांगायचात. टेबलाला तो नियम लागू नव्हता.

मग खांदा धरला. आधी थंडीत दुखायचा, मग बारा महिने. तुम्ही मोहरीचं तेल गरम करून लावायला सांगायचात आणि अम्मी लावायची. तुमचा हात निकामी होतोय हे मला दुकानात कळलं नाही, ईदगाहवर कळलं. नमाज सुरू करताना सगळ्या रांगेचे हात कानापर्यंत गेले. तुमचा डावा हात कानाला लागला आणि उजवा छातीपाशीच थांबला. तुम्ही मान त्या बाजूला थोडी कलती केलीत, जणू कानच हाताकडे न्यायचा होता. मी शेजारीच उभा होतो. आता डोळे मिटले की पहिल्यांदा तेच दिसतं.

हे सगळं लिहायचं कारण ते खामगावचं ऑफिस. मी नोकरीला लागून वर्षभर झालं असेल. तुम्ही बहुधा कोट-पँटचं अस्तर घ्यायला शहरात आला होतात. काही न कळवता वर आलात. मी दुपारची बातमी देत होतो, चारच्या आत पान जायचं होतं, त्यामुळे मी मान वर न करता बसा म्हणालो. तुम्ही बसला नाहीत. माझ्या पाठीमागे उभे राहून बराच वेळ बघत राहिलात. मग खिशातून टेप काढलीत, खाली गुडघ्यावर बसलात आणि माझ्या कोपराला टेपचं टोक लावलंत. घरी आपण उर्दूतच बोलायचो, पण ऑफिसमधल्या लोकांना परकं वाटू नये म्हणून असेल, तुम्ही वऱ्हाडीत म्हणालात, “हालू नको. मले माप घेऊ दे.”

पानं लावणारा आमचा ऑपरेटर फाटक्या तोंडाचा होता. त्याने लगेच विचारलं, “मास्टर, साहेबाले सफारी शिवून राह्यले काय?” तुम्ही टेपवरून नजर न काढता म्हणालात, “नाई, खुर्ची शिवून राह्यलो.” सगळं ऑफिस हसलं. तुम्हीही हसलात. माझे कान मात्र गरम झाले. मी नवा होतो, मला साहेब म्हणण्यातली चेष्टा कळत होती, आणि माझा बाप सगळ्यांसमोर फरशीवर गुडघे टेकून बसला होता. मी उर्दूत, हळू आवाजात, पण दात आवळून म्हणालो की अब्बा, हे आपलं दुकान नाही. तुम्ही टेप दोन बोटांभोवती गुंडाळलीत. वहीत काहीतरी लिहिलंत. घरी जायला नांदुऱ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलंत. मी वेळ सांगितली आणि पुन्हा कीबोर्डवर वाकलो. तुम्ही जिन्याने उतरताना खांद्यामुळे कठडा डाव्या हाताने धरत होतात, हे मी मान वाकलेली असूनही पाहिलं.

दोन आठवड्यांनी ओळखीच्या कंडक्टरने एक गाठोडं आणून दिलं. खाकी गणवेशाच्या कापडाची गादी होती, घट्ट कापूस भरलेली, साडेतीन इंच जाड, कडेला दुहेरी शिलाई. सोबत तेवढ्याच उंचीचा लाकडी पाट, सुतारकाकांनी केलेला. खुर्ची साडेतीन इंच वर, म्हणजे पाय अधांतरी, म्हणून पायाखाली पाट. तुम्ही सगळं धरून बेतलं होतं. मी गाठोडं टेबलाखाली ढकललं. ऑपरेटर हसेल म्हणून त्या दिवशी काढलं नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे पाट पाण्याच्या माठाखाली गेला. गादी, पहाटे पेपरचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरने मागितली. मी दिली.

तुम्ही मात्र दर ईदला विचारायचात, गादी बरोबर बसते ना. मी हो म्हणायचो. एकदा तुम्ही विचारलंत की कापूस दबला असेल तर पुन्हा भरून देऊ का, आणि मी म्हणालो, नको, अजून तशीच आहे. तेव्हा तुमच्या हातात सुईसुद्धा नीट राहत नव्हती.

तुमच्या मातीला तो ड्रायव्हर लोणारहून आला होता. तिकडच्या खडबडीत रस्त्यावर त्याने पुढे बरीच वर्षं गाडी चालवली. कब्रस्तानातून परत येताना मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “भाऊ, मास्टरची गादी अजून हाय माह्या सीटवर. बाकीच्या ड्रायव्हरच्या कंबरा गेल्या, माही नाई गेली.” त्याला वाटलं, मला बरं वाटेल. त्या दिवसालाही आता अकरा वर्षं झाली.

आज दवाखान्यातून आलो आणि तुमच्या मापांच्या वह्या काढल्या. लोखंडी पेटीत, शाळेच्या उरलेल्या बटणांखाली होत्या. तुमचं उर्दू अक्षर मला सावकाश वाचावं लागतं. कुणाची छाती, कुणाची बाही, कुणाच्या लग्नाचा कोट. त्यात एका पानावर नावाच्या जागी ‘बेटा’ लिहिलेलं सापडलं. खाली शर्टाचं माप नव्हतं. कोपर ते जमीन साडेसव्वीस. गुडघा ते जमीन साडेसतरा. टेबल तीस, म्हणजे माझ्या ऑफिसचं. शेवटी एक ओळ: जास्त उंच, खांदा जाईल. खामगावच्या बाईंनी आज चपला काढायला लावल्या होत्या. तुम्ही माझ्या बुटांसकट मोजलं होतं. अर्धा इंच तेवढाच.

मी वही उघडीच टेबलावर ठेवली. मग सुतारकाकांना फोन केला. आता ते स्वतः काम करत नाहीत, मुलगा करतो, पण फोन तेच उचलतात. मी सांगितलं की टेबलाचे पाय कापायचे आहेत, टेबल सव्वीस इंच उंच राहिलं पाहिजे, म्हणजे फूटभर जाईल. मग ते म्हणाले, “लई उशीर केला बे तुम्ही दोघायनं.” आणि पुढे, “मी येतो. पोट्ट्याले करवत लावू देत नाई त्या टेबलाले.”

टाइप करायला मनाई आहे, म्हणून हे ओट्यावर बसून पेनाने लिहितोय, एका वेळी चार-पाच ओळी, मग हात खाली सोडून द्यायचा. हा कागद पाठवण्यासारखी जागा नाही. ‘बेटा’ लिहिलेल्या पानातच ठेवीन.

गादीवर मी एक दिवसही बसलो नाही, अब्बा. तुम्ही विचारायचात आणि मी हो म्हणायचो.

तुमच्या निळ्या खडूने टेबलाच्या तीन पायांवर खुणा केल्या आहेत. चौथा पाय तुम्ही उभे राहायचात त्या बाजूचा, फरशी गुळगुळीत झाली आहे तिथला. त्याची खूण अजून व्हायची आहे. सुतारकाका उद्या सकाळी दहाला येतील, आणि सहा आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा हात बघतील.