दुकानात गेलाय, येईलच

ता. ३, बुधवार

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत, मनातून द्यायचे ते तू समोर आल्यावर. तुझ्यापायी आज या वयात मला खोटं बोलावं लागलं, तेही मास्तरांशी. मतदारयादी तपासायला आमच्याच शाळेतले नवे गणिताचे मास्तर दारात उभे. यादीत नावं दोन, घरात मी एकटी. भाऊ कुठाय म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं की दुकानात गेलाय, येईलच. वाटलं, कागदावर खूण करतील आणि जातील. तर हा माणूस म्हणाला, बसतो. आणि बसला की! एक चहा झाला, दुसरा झाला. ते भिंतीकडे बघतायत, मी शेगडीकडे. मी दोनदा उठून गल्लीच्या तोंडापर्यंत बघून आले. पहिल्यांदा सोंग म्हणून. दुसऱ्यांदा कशाला गेले ते मला विचारू नकोस.

शेवटी त्यांनी दाराशी ठेवलेल्या तुझ्या चपला बघितल्या, त्यांच्यावरची धूळ बघितली, आणि कागद हातात दिला. वीस तारखेला, शनिवारी अकरा वाजता, तू शाळेत जातीने हजर नसलास तर नाव कटणार. उद्या त्याच मास्तरांचा वर्ग मला झाडायचाय. तोंड कुठे लपवू ते तूच सांग.

नऊ वर्षं झाली तुला जाऊन. मतदानाच्या आदल्या दिवशी मी वर्गातली बाकं सरकवते आणि भिंतीवर यादी लागली की आधी आपली नावं शोधते. माझं, आणि खाली लगेच तुझं. मध्ये बोट ठेवायला जागा नाही. चौथीपर्यंत शिकले, त्याचा एवढाच काय तो उपयोग.

पत्रं तुझ्या पहारेकऱ्याच्या नावाने टाकते, पण तू कुठे राहतोस, कसा राहतोस, काही कळवत नाहीस. पोटाला वेळेवर खात जा.

तुझ्यावर भडकलेली,
अक्का

ता. ८, सोमवार

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मास्तर दोन चहा होईस्तोवर हलले नाहीत हे वाचून फाटकावरचा पहारेकरी आणि मी पोट धरधरून हसलो. मग चपलांचं वाचलं. त्या अजून ठेवल्यास?

अक्का, नाव कटू दे. खोटं बोललीस म्हणून तुझ्या नोकरीवर यायचं. मी इकडे नाव घालायला अर्ज केला होता, तो परत आला. राहत्या जागेचा कागद लागतो. मॅडम लिहून देईनात. ड्रायव्हर इथे राहतो असं एकदा कागदावर आलं की उद्या तो जागेवर हक्क सांगतो, असं त्या म्हणाल्या. तशा त्या वाईट नाहीत. आणि साहेब या वेळी निवडणुकीला उभे आहेत, त्यामुळे सुट्टीचं नावही काढायची सोय नाही. दिवसभर सभा. बोलतात मात्र छान. एकही गरीब यादीबाहेर राहता कामा नये असं काल म्हणाले, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

बाकी माझं उत्तम चाललंय. स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे. काल पाऊस झाला असावा, गाड्या ओल्या आल्या. पत्र पहारेकऱ्याच्याच नावाने टाकत जा, इथल्या पेट्यांत आम्हा लोकांसाठी पेटी नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ११, गुरुवार

चि. धाकट्यास अ. उ. आ., या खेपेला मनापासून.

पाऊस झाला असावा म्हणे! खोली असते त्याला खिडकी असते, आणि खिडकीवाला माणूस असं लिहीत नाही. तू गाड्यांच्या तळघरात झोपतोस. खोटं बोलायचं आपलं घराणंच दिसतंय, पण निदान मला त्यासाठी दोन चहा तरी करावे लागले.

मास्तरांना मी दुसऱ्याच दिवशी खरं काय ते सांगून टाकलं. फळा पुसता पुसता, त्यांच्याकडे पाठ करून. ते म्हणाले, माणूस राहतो तिथेच नाव असायला हवं, नियम आहे. काल तुझं पत्र आलं तशी मी पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, ते घर याला कागदावर घेत नाही आणि तुम्ही याला कागदावरून काढताय, मग माझा भाऊ राहतो कुठे, हवेत? गणिताचा माणूस, पण हे काही सुटेना. शेवटी म्हणाले, त्याला घेऊन या, वरच्या साहेबांपुढे त्याच्याच तोंडाने सांगू दे. ऐकतीलच असं नाही, पण माणूस समोर असला तर खोडताना हात जड होतो.

तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, शनिवारी एक जोडी टाळ्या कमी पडतील.

चपला ठेवल्यात का विचारतोस. ठेवल्यात. काल धुतल्या. मास्तरांना पुन्हा ती धूळ दिसायला नको.

माझी नोकरी माझी मी बघेन, तू तिची ढाल करू नकोस. मत तू कुणालाही दे, नको तर देऊही नकोस. पण बाकं सरकवून मी भिंतीशी जायचं आणि माझ्याखाली भलत्याच कुणाचं नाव वाचायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. यादीत तरी तू आजवर घरात होतास रे.

आता खुशाली नको, कारणं नकोत, मॅडमचा चांगुलपणाही नको. येतो किंवा येत नाही, एवढंच लिही. बुधवारी, सतरा तारखेला, टपालवाला येतो त्या वेळी मी गल्लीच्या तोंडाशी उभी असेन, आणि सोंग म्हणून नव्हे. त्याच्या हातात तुझं उत्तर दिसलं पाहिजे.

तुझी वाट बघणारी,
अक्का